सजीवांची मुळाक्षरें

पहिल्या इयत्तेंत पाटीवर गिरविलेलीं मुळाक्षरें तुम्हां सर्वांस आठवत असतील. तीं पन्नासाच्या आसपास अक्षरें एकदां हातीं आलीं कीं त्यांतूनच घरचें पत्र लिहितां येतें, दुकानाचा जमाखर्च मांडतां येतो आणि मोठमोठे ग्रंथहि रचतां येतात. पत्राचीं अक्षरें निराळीं आणि ग्रंथाचीं निराळीं असें कांहीं नसतें. अक्षरें तींच, फरक काय तो त्यांच्या क्रमाचा. 'नव' हा शब्द उलट वाचला कीं 'वन' होतें, आणि 'रस' उलट वाचला कीं 'सर' होतो.

सजीव सृष्टीचीहि अशींच कांहीं मुळाक्षरें आहेत. आंब्याचें झाड, गोठ्यांतली गाय, दह्यांतले सूक्ष्म जंतु आणि हा लेख वाचणारे तुम्ही, या सर्वांचीं शरीरें त्याच थोड्याशा अक्षरांनीं लिहिलेलीं आहेत. तीं अक्षरें कोणतीं, त्यांची जुळणी कशी होते, आणि जुळणींत एक अक्षर चुकलें तर काय होतें, हें या लेखांत पाहावयाचें आहे. शेवटची गोष्ट आपल्या महाराष्ट्रांतील हजारों घरांची आहे, आणि तिच्यांत माझ्या हातून घडलेली एक चूकहि आहे. म्हणून पालकांनींहि हा लेख शेवटपर्यंत वाचावा, अशी माझी विनंति आहे.

अणु, रेणु आणि एक जुना समज

प्रथम दोन शब्दांचा अर्थ पक्का करूं. मूलद्रव्याच्या सर्वांत लहान कणास अणु म्हणतात, आणि दोन किंवा अधिक अणु एकमेकांस बांधले जाऊन जो कण होतो त्यास रेणु म्हणतात. हायड्रोजनचे दोन अणु आणि ऑक्सिजनचा एक अणु मिळून पाण्याचा एक रेणु होतो. मनुष्याच्या शरीरांतील मूलद्रव्यांचा हिशेब वजनानें केला, तर शेंकडा ६५ भाग ऑक्सिजन, १८ भाग कार्बन, १० भाग हायड्रोजन आणि ३ भाग नायट्रोजन भरतो. म्हणजे शंभरांतले ९६ भाग या चौघांचे झाले. राहिलेल्या चार भागांत हाडांतील कॅल्शियम व फॉस्फरस, केसांतील गंधक, रक्तांतील लोखंड वगैरे सर्व कांहीं आलें.

यांतील एकहि मूलद्रव्य केवळ सजीवांपाशींच असतें असें नाहीं. कार्बन कोळशांत आहे, नायट्रोजन हवेंत आहे, लोखंड विळ्या-कोयत्यांत आहे. मग निर्जीवांत आणि सजीवांत भेद कशाचा? दोनशें वर्षांपूर्वीं यूरोपांतील पुष्कळ विद्वान असें मानीत कीं, सजीवांच्या शरीरांत होणारीं द्रव्यें प्रयोगशाळेंत तयार करणें शक्यच नाहीं. त्यांस एक विशेष जीवशक्ति लागते. १८२८ सालीं बर्लिन येथें फ्रीड्रिख वोलर या रसायनशास्त्रज्ञानें अमोनियम सायनेट या क्षारापासून युरिया तयार केला. युरिया हें मूत्रांतील द्रव्य. मूत्रपिंडाच्या साह्यावांचून आपणांस युरिया करतां येतो, असें त्यानें मोठ्या आनंदानें आपले गुरु बर्झेलियस यांस पत्रानें कळविलें. त्या एका प्रयोगानें जुना समज लगेच नाहींसा झाला नाहीं. परंतु भिंतीस पहिली चीर पडली. आज शेतकरी खत म्हणून युरियाच्या गोणी घरीं आणतात, आणि तो युरिया कोणत्याहि प्राण्याच्या शरीरांतून आलेला नसतो.

वोलरच्या प्रयोगांत लक्षांत ठेवण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे. अमोनियम सायनेट आणि युरिया यांतील अणु अगदीं तेच आणि तितकेच आहेत: एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन आणि चार हायड्रोजन. बदलली ती केवळ त्यांची मांडणी. हें सूत्र पुढें वारंवार आपल्या भेटीस येणार आहे.

पाणी

प्रौढ मनुष्याच्या वजनाचा सुमारें शेंकडा ६० भाग पाण्याचा असतो. पन्नास किलो वजनाचा मनुष्य घेतला तर त्यांतील जवळजवळ तीस किलो पाणीच. पाण्याच्या रेणूंत ऑक्सिजनच्या बाजूस किंचित् ऋण विद्युत् आणि हायड्रोजनच्या बाजूस किंचित् धन विद्युत् असते. म्हणून मीठ आणि साखर पाण्यांत सहज विरघळतात; तेल मात्र किती ढवळलें तरी निराळेंच तरंगत राहतें. वरणावरचा फोडणीचा तवंग आपण रोज पाहतों. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, परंतु आपल्या शरीरांतील प्रत्येक पेशीचें कुंपण याच गुणावर उभें आहे, हें पुढें दिसेल.

पाणी सोडलें तर सजीवांच्या शरीरांतील रेणूंचीं चार मोठीं घराणीं आहेत: शर्करा, स्निग्ध द्रव्यें, प्रथिनें आणि न्यूक्लीइक आम्लें. या चारींचा कणा कार्बनचा आहे, कारण कार्बनच्या अणूस जणूं चार हात असतात, आणि ते हात धरून त्याला लांबच लांब सांखळ्या करतां येतात.

शर्करा: भाकरी आणि कापूस

घरीं एक प्रयोग करा. ज्वारीच्या भाकरीचा लहानसा घांस भाजी-आमटी न लावतां तोंडांत घ्या आणि न गिळतां दोन-तीन मिनिटें सावकाश चावीत राहा. हळूहळू तो गोड लागूं लागेल. भाकरींत तर कोणी साखर घातलेली नसते. मग गोडी कोठून आली? भाकरींतील पिष्ट म्हणजे ग्लूकोज नांवाच्या लहान शर्करेच्या शेंकडों-हजारों मण्यांची माळ होय. लाळेंतील अमायलेज नांवाचें पाचक द्रव्य ती माळ तोडतें, गोड तुकडे सुटतात, आणि जिभेला गोडी कळते.

ग्लूकोजचा एक मणि म्हणजे कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६ अणु. हिरवीं पानें सूर्यप्रकाशाच्या बळावर हवेंतील कार्बन डायॉक्साइड आणि मुळांनीं शोषलेलें पाणी यांपासून शर्करा तयार करतात, आणि आपण श्वासानें घेतलेला ऑक्सिजन वापरून तिच्यांत सांठविलेली शक्ति मोकळी करतों. शेतांत पडलेलें ऊन अशा रीतीनें आपल्या हातापायांतील बळ होतें.

आतां कापसाकडे पाहा. कापसाच्या तंतूंत शेंकडा ९० हून अधिक भाग सेल्युलोज असतें, आणि सेल्युलोज म्हणजे तरी काय? तीच ग्लूकोजच्या मण्यांची माळ. पिष्टांत सर्व मणि एकाच बाजूनें ओवलेले असतात. सेल्युलोजमध्यें एक सुलटा, एक उलटा असे ओवलेले असतात. एवढ्याच फरकानें एक दाण्याचें अन्न झालें आणि दुसरें अंगावरचें वस्त्र झालें. पहिली गांठ सोडणारें पाचक द्रव्य आपल्या पोटांत आहे, दुसरी गांठ सोडणारें नाहीं. गाय कडबा खाऊन दूध देते खरी, पण ती गांठ तिलाहि स्वतःला सुटत नाहीं. तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यांत राहणारे सूक्ष्म जंतु तिच्यासाठीं तें काम करतात.

स्निग्ध द्रव्यें: सांठा आणि कुंपण

तेल, तूप आणि चरबी हीं या घराण्यांतलीं. ग्लिसरॉलच्या लहानशा रेणूस मेदाम्लांच्या तीन लांब शेपट्या जोडल्या कीं तेलाचा एक रेणु होतो. तुपांतल्या पुष्कळशा शेपट्या सरळ असतात. काड्यांच्या मोळीप्रमाणें त्या एकमेकींस चिकटून बसतात, म्हणून थंडींत तूप थिजतें. करडईच्या तेलांतल्या बहुतेक शेपट्या वांकड्या असतात. वांकड्या काड्यांची मोळी घट्ट बांधली जात नाहीं, म्हणून तें तेल पातळच राहतें. एक ग्रॅम पिष्टापासून सुमारें ४ किलोकॅलरी शक्ति मिळते, तर एक ग्रॅम तेलापासून सुमारें ९. यासाठींच तीळ, शेंगदाणा, करडई यांसारखीं बीजें आपल्या अंकुराच्या प्रवासाची शिदोरी तेलाच्या रूपानें बांधून ठेवतात.

याच घराण्यांत फॉस्फोलिपिड नांवाचे रेणु आहेत. त्यांचें डोकें पाण्याकडे ओढ घेतें आणि दोन शेपट्या पाण्यापासून दूर पळतात. असे असंख्य रेणु पाण्यांत टाकले कीं ते आपोआप दोन थरांत उभे राहतात. डोकीं बाहेर, शेपट्या आंत. पेशीचें आवरण तें हेंच. त्याची जाडी एका मिलिमीटराच्या लाखाव्या भागाहूनहि कमी असते. इतक्या पातळ कुंपणाच्या आंत जीव राहतो, आणि तें कुंपण ढळलें कीं पेशी मरते.

प्रथिनें: काम करणारे हात

शरीरांतील बहुतेक कामें प्रथिनें करतात. अन्न पचविणारीं द्रव्यें, हालचाल करणारे स्नायु, रोगजंतूंशीं झुंजणारीं द्रव्यें, केस, नखें, हीं सर्व मुख्यतः प्रथिनांचींच. अंड्याचा पांढरा बलक उकळतांच घट्ट होतो, दुधांत लिंबू पिळतांच तें नासतें, हे प्रथिनांचेच खेळ आहेत. स्वयंपाकघरांत आणखी एक प्रयोग करतां येईल. गव्हाच्या कणकेचा गोळा पाण्याच्या बारीक धारेखालीं मळत राहा. पांढरें पाणी वाहून जाईल, तें पिष्ट. हातांत रबरासारखा चिवट लगदा उरेल, तें गव्हाचें प्रथिन. ज्वारीच्या पिठांत असें चिवट प्रथिन नाहीं. म्हणूनच पोळी लाटतां येते, आणि भाकरी मात्र हातानें थापावी लागते.

प्रथिनाची माळ अमिनो आम्लांची असते, आणि येथें मणि एकाच जातीचे नसून वीस जातींचे आहेत. पिष्टाची माळ म्हणजे एकच अक्षर पुनःपुन्हां लिहिलेली पाटी. प्रथिनाची माळ म्हणजे अर्थपूर्ण वाक्य. वीस अक्षरांतून शंभर अक्षरांचीं किती निरनिराळीं वाक्यें होतील? एकावर एकशें तीस शून्यें लिहिलीं तर तो आंकडा येईल. सजीवांच्या विविधतेस अक्षरें कधीं अपुरीं पडलीं नाहींत, याचें कारण हें होय.

हीं वाक्यें प्रथम वाचलीं फ्रेडरिक सँगर यांनीं. इंग्लंडांतील केंब्रिज येथें सुमारें दहा वर्षें खपून त्यांनीं १९५५ पर्यंत इन्सुलिनच्या ५१ अमिनो आम्लांचा क्रम पुरा उलगडला. १९५८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. प्रत्येक प्रथिनाचा क्रम ठरलेला असतो, ही गोष्ट त्यांच्या कामानें निर्विवाद सिद्ध झाली.

येथें पालकांच्या उपयोगाची एक गोष्ट सांगतों. वीस अमिनो आम्लांपैकीं नऊ आपल्या शरीरास स्वतः करतां येत नाहींत. तीं अन्नांतूनच मिळावीं लागतात. ज्वारी, गहूं, तांदूळ यांत लायसीन नांवाचें अमिनो आम्ल कमी असतें, आणि डाळींत तें भरपूर असतें. उलट डाळींत मेथिओनीन कमी, तें धान्यांत पुरेसें. म्हणून वरण-भात आणि पिठलें-भाकरी या जोड्या एकमेकांची उणीव भरून काढतात. आपल्या आजीबाईंस लायसीनचें नांव ठाऊक नव्हतें, पण त्यांनीं घातलेली जोडी शास्त्राच्या कसोटीस उतरली. मात्र ताटांत भाताचा डोंगर आणि वरणाचा नुसता शिंतोडा असेल तर ही जोडी लंगडी पडते. वाढत्या वयाच्या मुलांना, आणि मुलींनाहि तितक्याच भरपूर, डाळ-उसळ वाढावी. मुलींनाहि असें मुद्दाम लिहिण्याचें कारण प्रत्येक घरानें आपल्या मनाशीं शोधावें.

कोणी विचारील कीं, डाळीचें प्रथिन खाऊन मनुष्याचें प्रथिन कसें होतें? पूर्वींच्या छापखान्यांत शिशाचे खिळे असत. एका पुस्तकाचें पान छापून झालें कीं जुळारी तें पान सोडवी, खिळे आपापल्या खणांत परत टाकी, आणि त्याच खिळ्यांतून दुसऱ्या पुस्तकाचें पान जुळवी. आपलें पोट तसेंच करतें. डाळीचीं वाक्यें तें सोडवितें, सुटीं अक्षरें रक्तांतून पेशींकडे धाडतें, आणि पेशी त्यांतून आपलीं वाक्यें जुळवितात. खिळे सर्व सजीवांत तेच असल्यामुळें तर एकाचें अन्न दुसऱ्यास लागूं पडतें.

न्यूक्लीइक आम्लें: मूळ प्रत

परंतु जुळाऱ्यास जुळणीसाठीं पुढें मूळ प्रत लागते. पेशीपुढील ती प्रत कोठें आहे? १८६९ सालीं जर्मनींतील ट्यूबिंगेन येथें फ्रीड्रिख मीशर हा तरुण शास्त्रज्ञ रुग्णालयांतून आणलेल्या जखमेच्या पट्ट्यांवरील पू तपासीत होता. त्या घाणेरड्या पट्ट्यांतील पेशींच्या केंद्रकांत त्याला एक नवें, फॉस्फरसयुक्त द्रव्य सांपडलें. त्याचें महत्त्व ओळखावयास पुढें पाऊणशें वर्षें लागलीं. १९४४ सालीं न्यूयॉर्क येथील एव्हरी, मॅक्लिओड आणि मॅकार्टी यांनीं दाखविलें कीं, एका जंतूचा गुण दुसऱ्या जंतूस देणारें द्रव्य हेंच, म्हणजे डी. एन्. ए. होय. १९५३ सालीं वॉटसन आणि क्रिक यांनीं त्याची रचना मांडली. ती मांडतांना रोझालिंड फ्रँक्लिन या विदुषीच्या प्रयोगशाळेंत क्ष-किरणांनीं घेतलेल्या छायाचित्राचा मोठा आधार झाला. १९६२ सालीं या शोधास नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां त्या हयात नव्हत्या; १९५८ सालींच, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षीं, त्यांचें निधन झालें होतें.

डी. एन्. ए. म्हणजे पीळ घातलेली शिडी. तिच्या पायऱ्यांवर चारच अक्षरें आहेत: ए, टी, जी आणि सी. ए समोर नेहमीं टी, आणि जी समोर नेहमीं सी. म्हणून शिडी मधून उभी उकलली तरी प्रत्येक अर्ध्यावरून दुसरा अर्धा भाग पुन्हां लिहून काढतां येतो, आणि एका पेशीच्या दोन पेशी होतांना प्रत्येकीस पूर्ण प्रत मिळते. आईकडून आपणांस आलेल्या प्रतींत सुमारें ३ अब्ज अक्षरें असतात, आणि बापाकडून आलेल्या प्रतींतहि तितकींच.

चार अक्षरांतून वीस अमिनो आम्लांचीं नांवें कशीं लिहावयाचीं? तीन-तीन अक्षरांचे शब्द करून. असे ६४ शब्द होतात. त्यांतील ६१ अमिनो आम्लांचीं नांवें सांगतात आणि ३ पूर्णविरामाचें काम करतात. हा कोश उलगडणाऱ्यांत आपल्या देशांत जन्मलेले हरगोविंद खोराना हे एक प्रमुख होते. पंजाबांतील रायपूर या सुमारें शंभर वस्तीच्या खेड्यांत (तें आतां पाकिस्तानांत आहे) त्यांचा जन्म झाला. वडील पटवारी, गांवांत लिहितां-वाचतां येणारें घर जवळजवळ तें एकच. त्या घरांतील मुलानें सजीवांची लिपि वाचली, आणि १९६८ सालीं नीरेनबर्ग व हॉली यांच्यासह त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. खेड्यांतून येणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनीं ही गोष्ट विसरूं नये.

हा कोश जवळजवळ सर्व सजीवांत एकच आहे, ही सर्वांत आश्चर्याची गोष्ट. मनुष्याच्या इन्सुलिनची प्रत एका सूक्ष्म जंतूच्या पेशींत ठेवली तर तो जंतु ती बिनचूक वाचतो आणि मनुष्याचें इन्सुलिन तयार करून देतो. १९८२ पासून मधुमेहाच्या रोग्यांस असें इन्सुलिन औषध म्हणून मिळूं लागलें. मनुष्य व जंतु यांचीं अक्षरें निराळीं असतीं, तर हें घडलें नसतें. मग मनुष्यामनुष्यांत अक्षरांचा भेद मानणाऱ्यांनीं काय म्हणावें?

एका अक्षराची चूक

आतां ती शेवटची गोष्ट.

पुष्कळ वर्षांपूर्वीं सातपुड्याकडचा एक मुलगा आमच्या बोर्डिंगांत होता. त्याचें नांव येथें देत नाहीं. अभ्यासांत तो चांगला होता; पण थंडी पडली कीं गुडघे दुखतात, पाठ दुखते, म्हणून कवायतीस येण्याचें टाळी. मीं त्यास कामचुकार ठरविलें. डिसेंबरांतल्या एका सकाळीं सर्वांच्या देखत त्याला बोललों आणि मैदानाला पांच फेऱ्या घालावयास लावल्या. त्यानें त्या मुकाट्यानें घातल्या. रात्रीं त्याच्या कण्हण्यानें सारें बोर्डिंग जागें झालें. त्याला रुग्णालयांत नेलें, रक्त तपासलें, आणि दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांनीं मला सांगितलें कीं, या मुलास सिकलसेलचा रोग आहे. विज्ञान शिकविणाऱ्या माझ्यासारख्यास हें लक्षांत यावयास हवें होतें. तें आलें नाहीं, कारण मीं त्याचें ऐकून घेतलें नव्हतें.

हा रोग म्हणजे काय? आपलें रक्त तांबडें दिसतें तें हिमोग्लोबिन या प्रथिनामुळें. तें फुप्फुसांतून ऑक्सिजन घेऊन शरीरभर पोंचवितें. त्याच्या चार माळा आहेत आणि त्यांत एकंदर ५७४ अमिनो आम्लें आहेत. त्यांपैकीं बीटा नांवाच्या दोन माळांत सहाव्या जागीं ग्लुटामिक आम्ल असावें, तेथें या रोगांत व्हॅलीन असतें. डी. एन्. ए. मधील जी-ए-जी या शब्दाच्या जागीं जी-टी-जी असा शब्द पडला आहे, एवढीच चूक. ग्लुटामिक आम्लाला पाण्याची ओढ असते. व्हॅलीन तेलाप्रमाणें पाण्यापासून दूर राहूं पाहतें. त्यामुळें ऑक्सिजन सोडून दिल्यावर हिमोग्लोबिनचे रेणु एकमेकांस चिकटून त्यांचे ताठ दोरे बनतात, आणि एरव्हीं मऊ व वाटोळी असणारी रक्तपेशी विळ्यासारखी वांकडी व कडक होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागास रक्त पोंचत नाहीं. तेथें असह्य वेदना होतात. थंडी, अंगांतील पाणी कमी होणें, ताप, अति श्रम, यांनीं त्या वेदना उसळतात. मीं त्या मुलास थंडींत, तहानलेला, पळावयास लावलें होतें.

या रोगाचें वर्णन १९१० सालीं शिकागो येथील डॉक्टर हेरिक यांनीं प्रथम प्रसिद्ध केलें. १९४९ सालीं लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हा रेणूचाच रोग आहे असें दाखविलें, आणि १९५० नंतरच्या दशकांत व्हर्नन इनग्रॅम यांनीं केंब्रिज येथें चुकलेलें नेमकें अमिनो आम्ल शोधून काढलें. भारतांत १९५२ सालीं निलगिरीच्या डोंगरांतील लोकांत हा दोष प्रथम आढळला. आपल्या महाराष्ट्रांत विदर्भांत आणि सातपुड्याच्या पट्ट्यांत, गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांत तो बराच आहे.

त्या मुलाचे वडील दुसऱ्या दिवशीं आले. खाटेपाशीं बसून त्यांनीं मला विचारलें, "गुरुजी, आमच्या हातून काय झालं म्हणून पोराला हे आलं?" त्यांस मीं जें सांगितलें तेंच येथें सर्व पालकांस सांगतों.

तुमच्या हातून कांहीं झालें नाहीं. हा रोग नजरेनें होत नाहीं, शापानें होत नाहीं, आईच्या दोषानें होत नाहीं, आणि एकाच्या स्पर्शानें दुसऱ्यास लागत नाहीं. प्रत्येकापाशीं या प्रथिनाच्या दोन प्रती असतात, एक आईची व एक बापाची. एक प्रत चुकीची आणि एक बरोबर असेल तर मनुष्य सामान्यतः निरोगी असतो; त्यास वाहक म्हणतात. दोन्ही प्रती चुकीच्या आल्या तरच हा रोग होतो. आई व बाप दोघेहि वाहक असले, तर प्रत्येक अपत्याच्या वेळीं रोग होण्याचा संभव चारांत एक, वाहक होण्याचा चारांत दोन, आणि पूर्ण मोकळें असण्याचा चारांत एक. वाहकास तीव्र हिंवतापापासून बरेंच संरक्षण मिळतें, असेंहि आढळलें आहे. हिंवतापाच्या रानांत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या लोकांत ही चूक टिकून राहिली ती यामुळें. ज्या अक्षरानें आजोबा हिंवतापांतून वांचले, तेंच दोन्हीकडून आलें तर नातवास जाचतें. यांत लाज वाटण्यासारखें काय आहे?

लाज नसली तरी काळजी मात्र घेतली पाहिजे. रक्ताची तपासणी साधी आहे. २०२३ सालीं भारत सरकारनें या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, आणि तींत तपासणीवर मुख्य भर आहे. ज्या भागांत किंवा ज्या कुळांत हा दोष आढळतो, तेथें विवाह ठरविण्यापूर्वीं मुलगा व मुलगी या दोघांचीहि तपासणी करावी. एकट्या मुलीची नव्हे. रोगी मुलास भरपूर पाणी द्यावें, थंडींत ऊबदार कपडे घालावे, ताप आला तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां डॉक्टरांकडे न्यावें, आणि लसी वेळेवर टोंचाव्या. हायड्रॉक्सियुरिया नांवाचें औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीं घेतल्यास वेदनेचे झटके पुष्कळ कमी होतात. हें औषध वोलरच्या त्या युरियाचेंच एक भावंड आहे, हें वाचून तुम्हांस गंमत वाटेल. २०२३ च्या नोव्हेंबरांत ब्रिटनमध्यें आणखी एका उपचारास मान्यता मिळाली. त्यांत रोग्याच्याच रक्तजनक पेशी बाहेर काढून त्यांच्या डी. एन्. ए. मध्यें असा फेरफार करतात कीं, जन्मापूर्वीं बाळाच्या शरीरांत वापरलें जाणारें निराळें हिमोग्लोबिन पुन्हां तयार होऊं लागावें. हा उपचार फार खर्चाचा आहे. पण सजीवांची लिपि वाचणारा मनुष्य आतां तींत सुधारणाहि करूं लागला आहे, हें त्यावरून दिसतें.

तो मुलगा बरा होऊन परत आला तेव्हां मीं वर्गासमोर त्याची क्षमा मागितली. त्याची जागा पाण्याच्या माठाजवळ ठेवली, आणि तासाच्या मध्येंहि न विचारतां उठून पाणी पिण्याची त्यास मोकळीक दिली. तो दहावी पास होऊन गेला.

विद्यार्थिमित्रहो, हीं मुळाक्षरें परीक्षेपुरतीं पाठ करूं नका. भाकरीचा घांस चावतांना, कणीक मळली जात असतां, तूप थिजलेलें पाहतांना त्यांची ओळख पटवून घ्या. आणि शेजारच्या बाकावरचा सोबती दुखतें म्हणून सांगत असेल, तर त्याला हंसण्यापूर्वीं एकदां विचारून पाहा. हा लेख वाचून एका जरी घरांत वेळेवर रक्त तपासलें गेलें, आणि एका जरी आईच्या माथ्यावरचा खोटा दोष उतरला, तरी माझ्या श्रमांचें सार्थक झालें असें मी समजेन.